गटाने शॉर्ट फिल्म एडिट करायला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती कशी आहे?

दहा-बारा मिनिटांची फिल्म शूट झाली, आता चार-पाच जणांनी मिळून एडिटला बसायचं आहे आणि खिशात सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत. अशा गटाला आम्ही डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीच सुचवू. कापायला, आवाज लावायला, रंगाला आणि शेवटची फाइल काढायला ती पुरेशी आहे, आणि एकाच प्रोजेक्टवर अनेकांनी काम करण्याची सोयही तिच्यात आहे. अट एवढीच की फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि फायलींची जागा या तीन गोष्टी पहिली क्लिप आत टाकण्याआधी गटात ठरलेल्या हव्यात. विद्यार्थ्यांच्या फिल्मचं एडिट अडतं ते बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी, आणि मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

डाविंची हे मुळात रंगकामाचं यंत्र. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते बनवणारी कंपनी विकत घेतली, २०११ साली लाइट नावाने फुकट आवृत्ती आणली आणि नंतर त्यात एडिटिंग वाढवत नेलं. आवाजाचं फेअरलाइट २०१७ साली आलं, ग्राफिक्सचं फ्यूजन २०१८ साली. गटाच्या दृष्टीने याचा मोठा फायदा आहे. इतर ठिकाणी कट एका सॉफ्टवेअरमध्ये, आवाज दुसऱ्यात आणि रंग तिसऱ्यात असेल तर मधे फायली काढून पाठवाव्या लागतात, आणि त्या हस्तांतरात फेड गळतात, स्पीडचे बदल चुकतात, आवाजाचे ट्रॅक इकडचे तिकडे होतात. इथे सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये राहतं. रंग करणाऱ्याने शॉट उजळ केला की एडिटरला तो टाइमलाइनवर तसाच दिसतो.

फुकट म्हणजे किती फुकट

मुदत नाही, फिल्मवर शिक्का (वॉटरमार्क) नाही. फाइल ३८४० × २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत निघते. कॉलेजच्या फिल्मला याहून जास्त लागत नाही. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिट), ट्रॅकर (हलत्या वस्तूचा माग), पॉवर विंडो (चित्राच्या एका भागापुरता रंग), ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम बनवणारं साधन), फेअरलाइटचे बहुतेक इफेक्ट हे सगळं खुलं आहे. स्टुडिओ ही विकतची आवृत्ती २९५ डॉलरची, एकदाच भरायची. अडोबी प्रीमियरसारखा महिन्याचा हप्ता नाही.

जे मिळत नाही ते नीट माहीत असू द्या. रंगाच्या पानावरचं नॉइज रिडक्शन (दाणे काढणं), मॅजिक मास्क (माणूस किंवा वस्तू आपोआप वेगळी निवडणं), डीफ्लिकर (मिणमिण काढणं), फिल्म ग्रेन (फिल्मसारखा दाणा घालणं), आवाजातलं व्हॉइस आयसोलेशन (बोलणं वेगळं काढणं) आणि बोलण्यावरून आपोआप सबटायटल करणं हे फक्त स्टुडिओत आहे. पण इफेक्टच्या यादीत या गोष्टी बाकीच्यांच्या रांगेतच दिसतात. कुणी उत्साहाने एका शॉटवर फिल्म ग्रेन टाकलं की त्या शॉटवर शिक्का उमटतो, आणि गटात काम चालू असेल तर तो कुणी टाकला हे शोधत बसावं लागतं. इफेक्ट लावताना स्टुडिओची सूचना आली तर तो इफेक्ट तिथेच काढायचा, असा नियम पहिल्याच दिवशी करा.

खरी अडचण मात्र १०-बिटची, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक छटा साठवणाऱ्या फायलींची आहे. एच.२६४ आणि एच.२६५ या दाबून लहान केलेल्या फायलींच्या बाबतीत फुकट आवृत्ती ८-बिटसाठी आहे. आताचे बरेच मिररलेस कॅमेरे ४:२:२ (रंगाची माहिती ४:२:० पेक्षा जास्त) १०-बिट एच.२६५ मध्ये शूट करतात आणि आयफोनचा एचडीआर व्हिडिओही १०-बिट असतो. विंडोजवर अशा फाइलचा नुसता आवाज येतो, किंवा लाल पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' दिसतं. त्याच फायली मॅकवर उघडतात, कारण तिथे डीकोडिंगचं काम अॅपलची यंत्रणा करते. म्हणून गटातल्या एकाच्या लॅपटॉपवर सगळं ठीक आणि बाकी तिघांकडे काळोख, असं होतं. शूट व्हायचं असेल तर कॅमेरा ८-बिट ४:२:० वर ठेवा. आयफोनवर सेटिंग्जमधल्या कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा. शूट झालं असेल तर शटर एन्कोडरसारख्या फुकट साधनाने सगळं फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फाइल प्रकारात बदलून घ्या. फायली कितीतरी मोठ्या होतात, पण सगळ्यांकडे उघडतात आणि टाइमलाइनवर हलक्याही चालतात. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही वाचत नाही, त्यामुळे लॅबमध्ये लिनक्स असेल तर हे रूपांतर करावंच लागेल.

पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर घाईत दिलं जातं

नवीन प्रोजेक्ट उघडून पहिली क्लिप मीडिया पूलमध्ये (प्रोजेक्टमधल्या क्लिपांच्या यादीत) ओढली, आणि तिचा फ्रेम रेट प्रोजेक्टपेक्षा वेगळा असला, की रिझॉल्व्ह विचारतं: प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू का? बटणं दोन. बहुतेक जण न वाचता 'बदल' दाबतात. ती पहिली क्लिप फोनवर काढलेली मेकिंगची असली तर सगळी फिल्म ३० फ्रेमवर जाते, मुख्य कॅमेरा २५ वर असला तरी. आणि मीडिया आत आला की प्रोजेक्ट सेटिंग्जमधला तो रकाना करडा पडतो, पुन्हा हात लावता येत नाही. वेगळ्या फ्रेम रेटची नवी टाइमलाइन करता येते, पण झालेला कट तिच्यात टाकला की कटाच्या जागा एखाद-दोन फ्रेमने सरकतात. म्हणून रिकाम्या प्रोजेक्टमध्येच आधी प्रोजेक्ट सेटिंग्ज, मास्टर सेटिंग्ज इथे १९२० × १०८० आणि २५ लिहा, सेव्ह करा, आणि मगच फुटेजला हात लावा. तो प्रश्न आला तर 'बदलू नको'.

२५ का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं बसतात आणि पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. २५ फ्रेमला १/५० हा शटर नैसर्गिकच आहे. पट्टे एकदा फुटेजमध्ये आले की फुकट आवृत्तीत ते काढायचं सरळ साधन नाही, डीफ्लिकर स्टुडिओत आहे.

३० फ्रेमचे शॉट २५ च्या टाइमलाइनवर टाकले की दर सहा फ्रेममधली एक गळते. बसून बोलणाऱ्या माणसाच्या शॉटमध्ये कळत नाही, पण कॅमेरा आडवा फिरवला की धक्के स्पष्ट दिसतात. अशा दोन-चार शॉटना रिटाइम प्रोसेसमध्ये ऑप्टिकल फ्लो लावून पाहा. कडांना चिखल दिसला तर परत घ्या. आवाज नको असलेले शॉट क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये २५ करून थोडे संथ चालवणं हा जास्त स्वच्छ मार्ग आहे.

फोनची दुसरी खोड म्हणजे बदलता फ्रेम रेट. प्रकाश कमी झाला की फोन स्वतःच्या मनाने फ्रेम कमी करतो. १० मिनिटांच्या सलग शॉटमध्ये ०.१ टक्का फरक पडला तरी ०.६ सेकंद होतात, म्हणजे १५ फ्रेम. सुरुवातीला टाळी जुळते आणि शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर फुकट आहे. त्यात फ्रेम रेट आणि शटर पक्के करता येतात. आधीच शूट झालेल्या फायली हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून एकदा फिरवून घ्या, आणि हे एडिट सुरू होण्याआधी करा. अर्ध्या कटानंतर फाइल बदलली की सगळे शॉट हलतात.

फुटेज उतरवणं

हे काम एकाच माणसाकडे द्या. १०० मेगाबिटवर शूट केलेलं फोर-के फुटेज तासाला ४५ जीबी होतं. १० मिनिटांच्या फिल्मसाठी दोन तासांचं फुटेज असेल तर ९० जीबी, आवाज आणि प्रॉक्सी (एडिटसाठी केलेल्या हलक्या नकला) धरून दीडशेच्या घरात. १ टीबीच्या दोन एसएसडी आणि तिसरी प्रत एखाद्या साध्या हार्ड डिस्कवर, एवढं किमान हवं. कार्ड कॉपी करायला रिझॉल्व्हच्याच मीडिया पानावर क्लोन टूल आहे. ते कॉपी झाल्यावर मूळ आणि नक्कल जुळतात का हे चेकसमने, म्हणजे फाइलवरून काढलेल्या आकड्याने, तपासतं. माउसने ओढून केलेली कॉपी अर्धवट राहिली तर ते कळायला कट सुरू व्हावा लागतो, आणि तोवर कार्ड पुसलेलं असतं.

सोनीचे कॅमेरे कार्ड फॉरमॅट केल्यावर बहुधा पुन्हा सी०००१ पासून मोजायला लागतात. तीन दिवसांच्या शूटमध्ये सी००१२ नावाच्या तीन फायली तयार होतात. सगळं जागेवर आहे तोवर काही बिघडत नाही. पण डिस्क बदलली, क्लिप ऑफलाइन झाल्या आणि 'रिलिंक' केलं (फायली पुन्हा जोडल्या) की रिझॉल्व्ह नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक) पाहून फाइल उचलतं. टाइमकोडही शून्यापासून असेल तर पहिल्या दिवसाच्या शॉटच्या जागी तिसऱ्या दिवसाचा शॉट येऊन बसतो, आणि टाइमलाइनवर काही लाल होत नाही. म्हणून आत टाकण्याआधीच फायलींना दिवस आणि कार्डाचं उपपद जोडा, डी१_ए_सी००१२ असं. नाव बदलायचं ते तेव्हाच, नंतर नाही. फोल्डर आणि फायलींची नावं रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएसवर मॅक लिहू शकत नाही. एक्सफॅटमध्ये लिहिणं चालू असताना वायर ओढली तर नुकसान जास्त होतं, म्हणून दरवेळी इजेक्ट. विंडोजवाल्या सगळ्यांनी त्या डिस्कला एकच ड्राइव्ह अक्षर द्यावं, समजा आर. एकाकडे ई आणि दुसऱ्याकडे एफ असेल तर दर हस्तांतराला रिलिंक करावं लागतं, आणि वर सांगितलेला घोटाळा होण्याची संधी दरवेळी मिळते.

मशीन

१६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड ही कामचलाऊ पातळी. फ्यूजनमध्ये काम करायचं असेल तर ३२ जीबी. कॉलेजच्या लॅबमधल्या नुसत्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या मशीनवर रिझॉल्व्ह उघडतं, पण रंगाच्या पानावर तिसरा नोड (रंगाचा एक टप्पा) टाकला की ग्राफिक्स मेमरी भरल्याची सूचना येते. अशा वेळी टाइमलाइन १०८० ठेवा आणि प्रॉक्सी करा: मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून उजवं क्लिक, 'जनरेट प्रॉक्सी मीडिया', आकार अर्धा, फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी. १०८० ला हे साधारण तासाला १६ जीबी घेतं. प्रॉक्सी एकाच्या ताकदवान मशीनवर रात्रीत काढून सगळ्यांना वाटल्या की बाकीचे साध्या लॅपटॉपवर कापू शकतात, आणि मूळ फुटेज फक्त रंगवाल्याकडे आणि शेवटची फाइल काढणाऱ्याकडे लागतं. आमच्या मते गटासाठी रिझॉल्व्हची सगळ्यात उपयोगी सोय हीच आहे, एकत्र काम करण्याच्या सोयीपेक्षाही.

आवृत्तीबद्दल एक कडक नियम: सगळ्यांकडे एकच, दशांशासकट. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, आणि उलट वाट नाही. अपडेटची सूचना आली तर फिल्म पूर्ण होईपर्यंत कुणीही ती घ्यायची नाही.

एकत्र काम करण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत, डिस्क हातोहात. प्रत्येकाकडे फुटेजची तीच प्रत, तेच ड्राइव्ह अक्षर, तीच फोल्डर रचना. फिरते ती फक्त टाइमलाइन. फाइल, एक्स्पोर्टमधून टाइमलाइन डीआरटी म्हणून काढली की ती इतकी छोटी होते की मेलने जाते. समोरच्याने ती आत घेतली की मीडिया त्याच जागी असल्यामुळे आपोआप जुळतो. तोटा असा की काही वेळा मीडिया पूलमध्ये त्याच क्लिपा दुसऱ्यांदा येतात, त्या साफ कराव्या लागतात. डीआरपी म्हणजे पूर्ण प्रोजेक्ट, पण त्यात फुटेज नसतं. डीआरए म्हणजे फुटेजसकट संग्रह. डीआरपी पाठवून 'तुला सगळं दिलंय' म्हणणारे पुष्कळ असतात, समोर उघडतं ते लाल. पाच जणांच्या आणि दहा मिनिटांच्या फिल्मला ही पद्धत पुरते. आम्ही हिच्यापासूनच सुरू करायला सांगू.

दुसरी, प्रोजेक्ट सर्व्हर. ब्लॅकमॅजिकचं हे वेगळं अॅप फुकट आहे. लॅबमधल्या एका मशीनवर ते टाकायचं, लायब्ररी तयार करायची, बाकीच्यांनी प्रोजेक्ट मॅनेजरमधून त्या मशीनच्या आयपी पत्त्यावर जोडायचं आणि प्रोजेक्टमध्ये मल्टिपल यूजर कोलॅबोरेशन चालू करायचं. आत पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस असतो आणि तो ५४३२ या पोर्टवर बोलतो. जोडणी होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा विंडोजची फायरवॉल तरी आडवी असते, नाही तर कॉलेजचं वाय-फाय एका मशीनला दुसरं मशीन दिसू देत नाही. लॅबवाल्या सरांशी आधी बोलून ठेवा. फुटेज वाय-फायवरून चालवायचा नाद नको. गिगाबिट वायर असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास मिळतात, १०० मेगाबिटच्या फाइलला १२.५ एमबी लागतात, म्हणजे तीन-चार जण आरामात बसू शकतात.

यात बिन (मीडिया पूलमधले क्लिपांचे फोल्डर) कुलूपबंद होतात. जो आधी बिन धरतो त्याला बदल करता येतात, बाकीच्यांना कुलपाचं चिन्ह आणि नुसतं पाहण्याची मुभा. सगळ्यांच्या टाइमलाइन एकाच बिनमध्ये ठेवल्या की कुलपांचा गोंधळ होऊ शकतो. प्रत्येकाच्या नावाची वेगळी बिन, आणि त्यात त्याच्या टाइमलाइन. मुख्य टाइमलाइनची बिन एकाकडेच.

तिसरी, ब्लॅकमॅजिक क्लाउड. २०२२ साली १८ व्या आवृत्तीबरोबर आलं, तेव्हा एका लायब्ररीला महिन्याला ५ डॉलर होते आणि दहा जणांना आत घेता येत होतं. एक पुण्यात, एक नाशकात, एक सुट्टीला गावी गेलेला, अशा गटाला हे सोयीचं. क्लाउडवर प्रोजेक्ट असतो. फुटेज किंवा प्रॉक्सी प्रत्येकाकडे हव्यातच, किंवा क्लाउडवरची साठवण वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, आणि दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला बँकेची ई-मँडेट मंजुरी लागते. पैसे भरणाऱ्या मित्राने हे आधी पाहावं.

कामाची वाटणी

सॉफ्टवेअर पाच जणांना एकत्र बसू देतं, पण कट पाच जणांचा होत नाही. सीन वाटून घ्यायला हरकत नाही. दोघांनी वेगवेगळ्या सीनचे रफ कट वेगवेगळ्या टाइमलाइनवर करावेत. त्यानंतर मुख्य टाइमलाइनला एकानेच हात लावावा, कारण सीनमधला वेग आणि सीनला सीन जोडताना लागणारा वेग वेगळा असतो, आणि तो एकाच्याच कानाने ठरतो. तिसरा आवाजावर, चौथा रंग आणि नावांवर, पाचवा फुटेज, नोंदी आणि बॅकअपवर. दिग्दर्शकाने माउस धरू नये, शेजारी बसावं.

अभिप्रायासाठी वर्कस्पेस मेनूतलं डेटा बर्न-इन चालू करून रेकॉर्ड टाइमकोड चित्रावर उमटवा आणि ७२० ची छोटी फाइल ग्रुपवर टाका. मग सूचना 'तो मधला शॉट लांब वाटतो' अशी न येता '०१:०३:१२:१४ पासून आठ फ्रेम कमी' अशी येते. टाइमलाइन ०१ तासापासून सुरू होते, त्यामुळे सुरुवातीच्या ०१ ने गोंधळू नका. टाइमलाइनवर प्रत्येकाचा मार्करचा रंग ठरवून घ्या. व्हॉट्सअॅपवरून मूळ फुटेज किंवा रेकॉर्डरचा आवाज पाठवू नका, तो दाबून छोटा होतो आणि नावही बदलतं.

दर मोठ्या बदलाआधी टाइमलाइनची नक्कल करा, नावात तारीख आणि आद्याक्षर. प्रेफरन्सेसमध्ये यूजर, प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड इथे प्रोजेक्ट बॅकअप चालू करा आणि जागा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आणि लॉक म्हणजे लॉक. चित्र लॉक झाल्यावर, म्हणजे कट पक्का ठरल्यावर, चार फ्रेम काढल्या तरी आवाजवाल्याचे सगळे ट्रॅक पुढे सरकवावे लागतात.

आवाज

रेकॉर्डरवरचा आवाज जुळवायला कॅमेऱ्याच्या आणि रेकॉर्डरच्या क्लिपा एकत्र निवडून 'ऑटो सिंक ऑडिओ', 'बेस्ड ऑन वेव्हफॉर्म'. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू ठेवला असेल तरच हे जमतं. चुकीच्या शॉटला जोड लागण्याचा प्रकार लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये होतो, म्हणून टाळी पाहून प्रत्येक सिंक तपासा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

फुकट आवृत्तीत व्हॉइस आयसोलेशन नसलं तरी फेअरलाइटचं नॉइज रिडक्शन आणि डी-हमर आहेत. डी-हमर ५० हर्ट्झवर लावला की इन्व्हर्टर आणि फ्रिजची गुणगुण बरीच जाते. पंख्याचा सूं आवाज नॉइज रिडक्शनला ऐकवून शिकवावा लागतो, आणि त्यासाठी त्याच खोलीचा, कुणी बोलत नसतानाचा, अर्धा मिनिट आवाज हवा. तो शूटवर घेतलेला नसेल तर दोन संवादांमधली शांतता शोधा. जास्त जोर लावला की 'स', 'श' पाण्याखाली गेल्यासारखे येतात. थोडा पंखा राहू द्या, आणि तोच आवाज सीनभर खाली अंथरा. संवादांच्या मधे आवाज एकदम बंद पडणं हे पंख्यापेक्षा जास्त खुपतं.

यूट्यूब साधारण −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) वरचा आवाज खाली आणतं, म्हणून मिक्स तेवढ्यावर ठेवा आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) −१ च्या वर जाऊ देऊ नका. फेअरलाइटचं लाउडनेस मीटर दोन्ही दाखवतं.

रंग आणि मराठी अक्षरं

रंग रिझॉल्व्हचा हातखंडा, तिथे फुकट आवृत्तीतही कमी पडत नाही. एकाच सीनमधले शॉट आधी एकमेकांशी जुळवा, मूड नंतर. लॅपटॉपच्या पडद्यावर विसंबू नका, वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड दाखवणारा आलेख) पाहा. रंगाचं काम एकाच मशीनवर करा. मॅकवर काढलेली फाइल क्विकटाइम प्लेअरमध्ये रिझॉल्व्हपेक्षा फिकट दिसते. त्यावरून ग्रेड (केलेला रंग) पुन्हा गडद करू नका, आधी तीच फाइल टीव्हीवर लावून पाहा. रात्रीच्या शॉटमधला दाणा मात्र राहतो, त्याला फुकट आवृत्तीत चांगला इलाज नाही. काळे थोडे खाली दाबले की तो कमी दिसतो, एवढंच.

मराठी नावांसाठी थोडा जास्त वेळ राखून ठेवा. टेक्स्ट प्लस या रिझॉल्व्हच्या अक्षरांच्या साधनात काम सुरू करण्याआधी एकच ओळ टाइप करून पाहा: 'महाराष्ट्र, ज्ञानेश्वरी, दुसऱ्या, क्षितिज, कृतज्ञता'. ष्ट्र फुटून ष् ट् र झाला, पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली, किंवा ऱ्या तुटला, तर त्या मशीनवर त्या साधनाने नावं करू नका. साधं टेक्स्ट टायटल वापरून पाहा. तेही नीट आलं नाही तर इंकस्केप या फुकट चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० × १०८० च्या पारदर्शक पीएनजी करून आणा. फॉन्ट युनिकोडच घ्या, 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट आहेत आणि पडद्यावर वाचायला चांगले. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसले की पाटीवर रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. फॉन्ट प्रोजेक्टबरोबर जात नाहीत, त्यामुळे फॉन्टची फाइल डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाने ती बसवावी. सबटायटलची एसआरटी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात.

फाइल काढणं

आधी मास्टर काढा: क्विकटाइम, डीएनएक्सएचआर एचक्यू. १०८०, २५ फ्रेमला १० मिनिटांची ही फाइल १४ जीबीच्या आसपास होते. ती पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी एकदा पाहायची. मधे एखादी काळी फ्रेम, ऑफलाइन शॉट, उरलेला टाइमकोड किंवा शिक्का सापडतो तो इथेच. बाकी सगळ्या फायली या मास्टरवरून करा, टाइमलाइनवरून नाही. महोत्सवाने डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची फाइल) मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक फुकट आहे. २५ फ्रेमची डीसीपी जुन्या सर्व्हरवर अडू शकते, म्हणून २४ ची हवी का हे आयोजकांना आधी विचारून घ्या.

स्टुडिओ घ्यायची का? एक चावी एका वेळी दोन मशीनवर चालते, तेव्हा वर्षाला दोन-तीन फिल्म करणाऱ्या गटाने वर्गणी काढून एक घेतली तर रंगवाला आणि फाइल काढणारा असे दोघे ती वापरू शकतात आणि बाकीचे फुकटवर कापू शकतात. १०-बिट कॅमेरा असेल, किंवा फिल्मचा निम्मा भाग रात्रीचा असेल, तर ते पैसे योग्य. दिवसाउजेडी ८-बिटमध्ये शूट केलेल्या पहिल्या फिल्मसाठी तेच पैसे दुसऱ्या एसएसडीवर आणि बऱ्या हेडफोनवर घाला.